सीलबंद लिफाफ्यापासून ई-निविदेपर्यंत : ग्रामीण स्थानिक स्वराज्य संस्थांच्या खरेदी व निविदा नियमांतील स्थित्यंतरे
(विशेष संदर्भ : शेलूबाजार, ता. मंगरूळपीर, जि. वाशीम)

सारांश :

ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद या संस्थांच्या इतिहासाचे लेखन बहुधा निवडणुका, आरक्षण व नेतृत्व या अंगांनी झाले आहे. या संस्था पैसा कसा खर्च करतात, वस्तू कोणाकडून घेतात, काम कोणाला देतात आणि हे कोणत्या नियमाने ठरते, या प्रश्नाकडे तुलनेने कमी लक्ष दिले गेले. प्रस्तुत शोधनिबंधात वऱ्हाडातील शेलूबाजार या बाजारपेठेच्या गावाचा संदर्भ घेऊन महाराष्ट्रातील ग्रामीण स्थानिक संस्थांच्या खरेदी व निविदा नियमांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. नियम बदलत गेले तसा दर ठरविण्याचा टप्पा अधिक खुला झाला. मात्र त्याआधीचा अंदाजपत्रकाचा व त्यानंतरचा मोजमापाचा टप्पा त्या प्रमाणात लोकांच्या नजरेखाली आला नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : स्थानिक स्वराज्य संस्था, निविदा, दरपत्रक, दरकरार, ई-निविदा, ग्रामसभा.

प्रस्तावना :

लोकशाहीत सार्वजनिक पैशाचा विनियोग हा विश्वासाचा प्रश्न असतो. गावातील शाळेची खोली, नाली, पथदिवे, पाणीपुरवठ्याची मोटार किंवा कार्यालयातील टेबल-खुर्ची यांपैकी कोणतीही गोष्ट घेताना दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, ही वस्तू योग्य दरात मिळाली काय? दुसरा, ती पुरविण्याची संधी सर्वांना समान मिळाली काय? निविदेचे नियम या दोन प्रश्नांच्या उत्तरासाठी अस्तित्वात आले.

शेलूबाजार हे वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्याचे गाव नागपूर-छत्रपती संभाजीनगर मार्ग व अकोला-मंगरूळपीर मार्ग यांच्या संगमावर वसले आहे. गावाच्या नावातच बाजार आहे. ज्या गावी खरेदी-विक्री हा नित्याचा व्यवहार आहे, तेथील सार्वजनिक संस्थेची खरेदी मात्र बाजाराच्या रीतीने होत नाही, ती नियमाने होते. बाजारात ग्राहक स्वतःच्या पैशाने घासाघीस करतो, तर पंचायतीत लोकांच्या पैशाने दुसरा कोणी व्यवहार करतो. या एका फरकातून नियमांची गरज निर्माण होते.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) ग्रामीण स्थानिक संस्थांच्या खरेदी व निविदा नियमांचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२) नियमांत बदल होण्यामागील कारणांचा शोध घेणे.
३) या बदलांचा बाजारपेठेच्या गावातील लहान पुरवठादार व ग्रामसभा यांच्या दृष्टीने असलेला अर्थ तपासणे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक-विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. अधिनियम, नियम, शासन निर्णय व न्यायनिर्णय यांचा आधार घेतला आहे.

वऱ्हाडातील ऐतिहासिक पार्श्वभूमी :

१८५३ च्या तहाने वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थापनाखाली आला. मंगरूळ तालुका त्या काळी बासीम (वाशीम) जिल्ह्यात होता. १९०५ मध्ये बासीम जिल्हा मोडण्यात आला व मंगरूळ अकोला जिल्ह्यात गेला. १८८५ च्या वऱ्हाड ग्रामीण मंडळ कायद्याने या भागात ग्रामीण स्थानिक कारभाराचा पाया घातला गेला. रस्ते, विहिरी, धर्मशाळा, शाळा व बाजार ही या मंडळांच्या कामाची प्रमुख क्षेत्रे होती.

या काळात निविदेची पद्धत मुख्यत्वे सार्वजनिक बांधकाम खात्यातून आली. अंदाजपत्रक तयार करणे, सीलबंद निविदा मागविणे, बयाणा रक्कम घेणे, कामाचे मोजमाप पुस्तिकेत नोंदवून देयक अदा करणे ही साखळी त्या खात्याने रूढ केली. मुंबई शहरासाठी १८८८ च्या महानगरपालिका अधिनियमातील कलम ७२ ने ठरावीक रकमेवरील करारांसाठी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन निविदा मागविण्याचे बंधन घातले. म्हणजे शहरी संस्थेसाठी हा नियम प्रत्यक्ष कायद्यात आला, तर ग्रामीण संस्थांसाठी तो खात्याच्या रूढीतून व अधिकाऱ्याच्या शिस्तीतून आला. हा फरक पुढेही दीर्घकाळ टिकून राहिला.

लेखापरीक्षणाची बाजू १९३० च्या मुंबई स्थानिक निधी लेखापरीक्षा अधिनियमाने मुंबई इलाख्यात बळकट झाली. वऱ्हाड त्या वेळी मध्य प्रांताशी जोडलेला होता. १९४८ च्या मध्य प्रांत व वऱ्हाड स्थानिक शासन अधिनियमाने जनपद सभांची रचना आणली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. शेलूबाजार परिसराने अशा प्रकारे अल्पावधीत निरनिराळ्या प्रशासकीय परंपरा अनुभवल्या.

१९५८ ते १९६८ : नियमांच्या चौकटीची उभारणी :

मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ (पुढे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम) हा ग्रामपंचायतीच्या कारभाराचा मूळ आधार होय. खरेदीच्या दृष्टीने त्यातील कलम १४ महत्त्वाचे आहे. पंचायतीच्या आदेशाने होणाऱ्या कामात किंवा पंचायतीशी केलेल्या करारात ज्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध आहे, अशी व्यक्ती काही अपवाद वगळता सदस्य राहण्यास अपात्र ठरते. विकत घेणारा व विकणारा एकच असू नये, हे निविदेच्या नीतीचे पहिले सूत्र येथे कायद्याच्या भाषेत मांडले गेले.

२७ जून १९६० रोजी तत्कालीन महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली लोकशाही विकेंद्रीकरण समिती नेमण्यात आली. नाईक हे शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातले. समितीने १५ मार्च १९६१ रोजी अहवाल सादर केला. त्यातून महाराष्ट्र जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अधिनियम, १९६१ साकार झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कार्यान्वित झाल्या. शेलूबाजार तेव्हा अकोला जिल्हा परिषदेच्या कक्षेत होते. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा निर्माण झाला आणि गावाचा जिल्हास्तरीय व्यवहार वाशीमशी जोडला गेला.

जिल्हा परिषदांच्या आर्थिक व्यवहाराला १९६८ च्या महाराष्ट्र जिल्हा परिषदा व पंचायत समित्या लेखा संहितेने शिस्त लावली. शासकीय कार्यालयांसाठी मुंबई वित्तीय नियम, १९५९ व महाराष्ट्र आकस्मिक खर्च नियम, १९६५ होते. या नियमांतून प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, तीन दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश व साठा नोंदवही अशी क्रमवार पद्धत रूढ झाली. बांधकामासाठी टक्केवारी दराचा बी-१ व बाबनिहाय दराचा बी-२ हे निविदा नमुने वापरात होते. बी-१ मध्ये ठेकेदार अंदाजपत्रकी रकमेपेक्षा इतके टक्के कमी किंवा जास्त असा एकच आकडा देतो. त्यामुळे मूळ अंदाजपत्रक चुकीचे असल्यास स्पर्धा कितीही खुली असली तरी चूक तशीच पुढे जाते. पुढील काळातील अनेक प्रश्नांचे मूळ या साध्या बाबीत आहे.

न्यायालयीन निर्णयांचे योगदान :

निविदा हा केवळ हिशेबाचा विषय नसून समतेचा विषय आहे, ही जाणीव न्यायालयांनी दृढ केली. मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या ठेक्यासंबंधीच्या रमण दयाराम शेट्टी विरुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ मे १९७९ रोजी निर्णय दिला. निविदा सूचनेत पाच वर्षांच्या अनुभवाची अट होती, पण ती पूर्ण न करणाऱ्याला ठेका दिला गेला. न्या. पी. एन. भगवती यांनी लिहिलेल्या या निर्णयानुसार, सार्वजनिक संस्थेने स्वतः जाहीर केलेले निकष तिच्यावर बंधनकारक असतात आणि त्यांतून मनमानी विचलन केल्यास संविधानाच्या अनुच्छेद १४ चा भंग होतो. या प्रकरणी याचिकाकर्त्याला विलंबादी कारणांमुळे प्रत्यक्ष दिलासा मिळाला नाही, तत्त्व मात्र प्रस्थापित झाले.

टाटा सेल्युलर प्रकरणात (१९९४) न्यायालयाने दुसरी बाजू स्पष्ट केली. न्यायालय निविदेच्या निर्णयप्रक्रियेची तपासणी करील, परंतु स्वतः निविदा समितीच्या जागी बसणार नाही. मेरठ नगर निगमाच्या प्रकरणात (२००६) सार्वजनिक संस्थेचा करार सर्वसाधारणपणे जाहीर लिलाव किंवा निविदेनेच झाला पाहिजे, अपवाद केवळ विशेष कारणानेच करता येतील, असे स्थानिक संस्थेच्याच संदर्भात सांगितले गेले. या निर्णयांमुळे निविदा न मिळालेल्या सामान्य पुरवठादारालाही दाद मागण्याचा आधार मिळाला.

स्पर्धेचे हेतुपुरस्सर अपवाद :

सर्वांत कमी दराला काम या तत्त्वाला महाराष्ट्राने प्रारंभापासून सामाजिक हेतूने काही अपवाद केले. मजूर सहकारी संस्थांना व सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना ठरावीक मर्यादेपर्यंतची कामे खुल्या स्पर्धेविना देण्याची तरतूद झाली. कामांचे ३३:३३:३४ असे प्रमाण ठरवून दोन वाटे या घटकांना व उर्वरित वाटा खुल्या ठेकेदारांना देण्याची पद्धत जिल्हा परिषदांच्या कामवाटपात परिचित झाली. लघुउद्योगांच्या मालाला बाजार मिळावा म्हणून १९६२ मध्ये महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळाची स्थापना झाली. केंद्र शासनाने २०१२ च्या आदेशाने सूक्ष्म व लघु उपक्रमांकडून ठरावीक हिस्सा खरेदी करण्याचे धोरण स्वीकारले.

रोजगार हमी योजनेने याहून पुढचे पाऊल टाकले. १९७७ च्या महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियमाने व पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने कामाचा हेतू मजुरी हा ठरविल्याने ठेकेदाराला कामापासून दूर ठेवले. तेथे निविदेचा प्रश्न केवळ साहित्य खरेदीपुरता उरला. याचा अर्थ असा की, स्पर्धा हे साध्य नसून साधन आहे हे राज्याच्या धोरणकर्त्यांनी मान्य केले होते. परंतु अपवादाची सोय ज्या घटकासाठी असते, तोच तिचा लाभ घेतो काय, हे तपासण्याची जबाबदारीही अपवादाबरोबरच येते. मजूर संस्थेच्या नावावर प्रत्यक्षात मजूर काम करतात काय, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

दरकरार ते ई-निविदा :

खरेदीसाठी २ जानेवारी १९९२ चा शासन निर्णय दीर्घकाळ आधारभूत होता. या काळात दरकरार ही पद्धत सोयीची मानली जाई. मध्यवर्ती यंत्रणेने एकदा दर व पुरवठादार निश्चित करावा आणि कार्यालयांनी त्या दराने वस्तू घ्यावी, असे तिचे स्वरूप होते. लहान कार्यालयाचा वेळ वाचे, पण बाजारभाव उतरला तरी जुनाच दर चालू राहण्याचा धोका असे. २०१५ मध्ये महिला व बालविकास विभागाने एकाच दिवशी काढलेल्या २४ शासन निर्णयांद्वारे केलेल्या सुमारे २०६ कोटी रुपयांच्या दरकरारावरील खरेदीची राज्यभर चर्चा झाली. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या चौकशीत पुढे गैरव्यवहाराचा आरोप सिद्ध झाला नाही. तथापि ई-निविदेऐवजी दरकरार का, हा धोरणात्मक प्रश्न त्यानिमित्ताने ऐरणीवर आला.

तत्पूर्वीच राज्याने ई-निविदेचा मार्ग स्वीकारला होता. प्रारंभी मोठ्या रकमांसाठी असलेले बंधन उतरत उतरत २६ नोव्हेंबर २०१४ च्या शासन निर्णयाने रु. ३ लाखांवर आले. १ डिसेंबर २०१६ रोजी उद्योग विभागाने खरेदीची सुधारित नियमपुस्तिका निर्गमित केली. जिल्हा परिषदाही खरेदीसाठी तिचा आधार घेतात. केंद्राने ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू केलेले जेम हे खरेदीचे संकेतस्थळ राज्याने २४ ऑगस्ट २०१७ च्या निर्णयाने स्वीकारले. २०२१ मध्ये ई-निविदेची मर्यादा रु. ३ लाखांवरून रु. १० लाख करण्यात आली.

मर्यादेचा हा चढ-उतार नीट समजून घेतला पाहिजे. मर्यादा स्थिर राहिली आणि सिमेंट, लोखंड, मजुरी यांचे भाव वाढले, तर पूर्वी दरपत्रकावर होणारे काम आपोआप निविदेच्या कक्षेत येते. छोट्या नालीसाठीही मोठ्या पुलाइतकीच प्रक्रिया करावी लागते. मर्यादा वाढविली तर वेळ वाचतो, पण विनास्पर्धा खर्चाचे क्षेत्र विस्तारते. समजा, एका वस्तीतील रस्त्याचे काम साडेआठ लाखांचे आहे. मर्यादा तीन लाखांची असताना त्याचे तीन तुकडे केले, तर प्रत्येक तुकडा मर्यादेखाली बसतो आणि निविदा टळते. नियम असे तुकडे पाडण्यास मनाई करतात. तरी एक रस्ता कोठे संपतो व दुसरा कोठे सुरू होतो, हे कागदावर ठरविणाऱ्याच्या हाती बरेच काही असते. गावकऱ्याला मात्र ते पाहताक्षणी कळते.

निधीच्या प्रवाहातील बदल :

नियम बदलत असताना ग्रामपंचायतीकडे येणारा पैसाही बदलला. २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक दर्जा दिला. चौदाव्या वित्त आयोगाने (२०१५-२०) ग्रामीण भागाचे अनुदान थेट ग्रामपंचायतींना दिले. पंधराव्या आयोगाच्या काळात महाराष्ट्रात ते ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद यांच्यात ८०:१०:१० असे वाटले गेले. २०११ च्या ग्रामपंचायत लेखा संहितेने नमुना १ ते ३३ असे हिशेबाचे नमुने निश्चित केले होते. २०२० पासून ई-ग्रामस्वराज प्रणालीवर आराखडा व देयके नोंदविली जाऊ लागली. सरपंच व ग्रामसेवक (२०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी) यांच्या डिजिटल स्वाक्षरीने पैसे अदा होऊ लागले. ज्या संस्थेला पूर्वी दिवाबत्ती व किरकोळ दुरुस्तीपुरताच खर्च करावा लागे, तिला आता अंदाजपत्रक, निविदा व करार यांची भाषा आत्मसात करावी लागली. अधिकार गावाकडे आले, पण अभियंता व लेखापाल गावाकडे त्या प्रमाणात आले नाहीत.

शेलूबाजारच्या संदर्भात नियमांचा अर्थ :

बाजारपेठेच्या गावात या बदलांचे परिणाम अधिक स्पष्टपणे समजून घेता येतात.

पहिला परिणाम लहान पुरवठादारावर होतो. दरपत्रकाच्या पद्धतीत गावातील हार्डवेअरचा दुकानदार, वेल्डिंगचा कारागीर, विद्युत साहित्याचा विक्रेता थेट पंचायतीत दर देऊ शके. ई-निविदेसाठी नोंदणी, डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्र, वस्तू व सेवा कर क्रमांक, ऑनलाइन बयाणा व मागील उलाढालीचे दाखले लागतात. वर्षातून एखादी निविदा भरणाऱ्यास हा खर्च परवडत नाही. दुसरीकडे, पूर्वी ज्याला निविदा निघाल्याचे कळतच नसे, त्या अकोल्याच्या किंवा कारंज्याच्या पुरवठादाराला ती घरबसल्या दिसू लागली. निविदेचा अर्ज मिळविण्यासाठी कार्यालयात जाण्याची व तेथे अडवले जाण्याची शक्यता संपली. संधी एकाची कमी झाली, अनेकांची वाढली.

दुसरा परिणाम कामाच्या आकाराशी संबंधित आहे. ज्या परिसरातून हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे समृद्धी महामार्ग जातो, तो ७०१ किलोमीटरचा रस्ता १६ टप्प्यांत विभागून त्याच्या निविदा काढण्यात आल्या. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. इतक्या मोठ्या टप्प्यांसाठी कोण पात्र ठरणार, हे निविदा उघडण्यापूर्वीच टप्प्याच्या आकाराने ठरते. गावपातळीवर नेमके उलट घडू शकते. काम जितके लहान पाडावे, तितकी स्पर्धा कमी होते. दोन्ही ठिकाणी निर्णायक बाब दर नसून कामाची आखणी हीच आहे.

तिसरा परिणाम लोकांच्या नजरेचा आहे. सीलबंद लिफाफे कार्यालयात सर्वांसमक्ष उघडले जात, तेव्हा उपस्थित राहणाऱ्यास कोणी काय भरले ते कळे. अर्थात, तिन्ही दरपत्रके एकाच हाताने आणलेली असण्याची शक्यताही त्याच पद्धतीत होती. संगणकीय प्रणालीत लिफाफा आधी उघडणे, बदलणे वा गहाळ करणे अवघड झाले. निविदेचा तपशील संकेतस्थळावर कोणासही पाहता येतो. पण ते पाहण्याची सवय व साधन गावात किती जणांकडे आहे, हा प्रश्न उरतो. विशेष म्हणजे, जेमवरील मध्यम रकमेच्या खरेदीतही किमान तीन उत्पादकांच्या वस्तूंच्या दरांची तुलना अपेक्षित असते. तीन दरपत्रकांचा जुना नियम नव्या रूपात तेथेही टिकून आहे. त्याचे सामर्थ्य व त्याची मर्यादाही तीच आहे. तिघे खरोखरच परस्परांपासून स्वतंत्र असतील, तरच तुलना खरी ठरते.

चौथा मुद्दा गुणवत्तेचा आहे. स्पर्धेत अंदाजपत्रकापेक्षा फार कमी दर आला की संस्थेचा पैसा वाचल्यासारखे दिसते. अशा दरासाठी जादा सुरक्षा ठेव घेण्याची तरतूद आहे. मात्र काम चालू असताना काँक्रीटची जाडी, सिमेंटचे प्रमाण व पाण्याचा मारा पाहिला गेला नाही, तर वाचलेला पैसा पहिल्या दोन पावसाळ्यांत दुरुस्तीवर जातो. निविदा दर ठरवते, गुणवत्ता ठरवत नाही. ती मोजमाप पुस्तिकेत व प्रत्यक्ष जागेवर ठरते.

निष्कर्ष :

१) ग्रामीण स्थानिक संस्थांचे निविदा नियम प्रारंभी खात्याच्या रूढीतून आले, १९५८ ते १९६८ या दशकात त्यांना कायदेशीर चौकट लाभली व २०१४ नंतर ते संगणकीय प्रणालीशी जोडले गेले.

२) नियमांचा प्रवास अधिकाऱ्यावरील विश्वासाकडून प्रक्रियेवरील विश्वासाकडे झाला. दर ठरविण्याचा टप्पा त्यामुळे निश्चितपणे अधिक पारदर्शक बनला.

३) गैरव्यवहाराला वाव देणारे अन्य दोन टप्पे, म्हणजे अंदाजपत्रक व मोजमाप, प्रणालीच्या बाहेरच राहिले. कामाचे तुकडे पाडणे, फुगविलेले अंदाजपत्रक व निकृष्ट काम यांचा बंदोबस्त केवळ ई-निविदेने होत नाही.

४) मर्यादेचा आकडा वारंवार शासन निर्णयाने बदलण्याऐवजी तो किंमतवाढीशी जोडून ठरावीक कालावधीने सुधारला, तर संस्थांना व पुरवठादारांना स्थैर्य लाभेल.

५) लहान पुरवठादारांसाठी पंचायत समिती स्तरावर नोंदणी व निविदा भरण्याचे साहाय्य उपलब्ध झाल्यास स्पर्धा खऱ्या अर्थाने स्थानिक पातळीपर्यंत पोहोचेल.

६) प्रत्येक कामाचे अंदाजपत्रक, स्वीकृत दर व मोजमाप मराठीत, सोप्या भाषेत ग्रामसभेत वाचून दाखविणे व कामाच्या जागी फलकावर लिहिणे हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे. बाजारात घेतलेली वस्तू घरी आल्यावर जशी पारखली जाते, तशीच पारख गावाने सार्वजनिक कामाची केली, तर निविदेच्या नियमांमागील हेतू सफल होईल. तसे न झाल्यास नियम कितीही बदलले तरी ते कागदावरच पाळले जातील.